खारी हवा आणि लाखाचा टीव्ही

“समुद्राच्या हवेत स्वस्त टीव्ही टिकत नाही, घ्यायचा तर लाखाचाच घ्या.” कोकण किनाऱ्यावर वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे. जास्तीचे पैसे जातात पडद्यात. ओएलईडी या महागड्या प्रकारच्या पडद्यात प्रत्येक पिक्सेल (चित्राचा ठिपका) स्वतः उजळतो-विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. खाऱ्या ओलीपासून संरक्षण त्या किमतीत येतंच असं नाही. आतल्या जोडण्या महाग टीव्हीच्याही गंजतात, आणि वीज कडाडली की लाखाचा बोर्डही जळतो. घर गणपतीपर्यंत बंद ठेवणाऱ्या चाकरमान्यांना तर गंजाचा धोका जास्तच, कारण रोज चालणाऱ्या टीव्हीची ऊब थोडी तरी ओल हटवते.

८के, म्हणजे ४केच्या चौपट ठिपक्यांचा पडदा, तर विसराच. डिशवरच्या बहुतेक वाहिन्या १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या (४केच्या पाव) पुढे जात नाहीत, आणि ५५ इंची पडद्यावर दहा फुटांवरून ४के-८केतला फरक डोळ्याला कळत नाही.

रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्याने ओएलईडी खुशाल घ्यावा. क्रिकेट-मालिकांना मधल्या किमतीचा ४के पुरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाचलेले पैसे अर्थिंगवर घाला. ढग भरून आले की गडगडाटाच्या आधीच प्लगसोबत डिशची केबलही काढा, ती बहुतेकजण विसरतात.