दट्ट्या गेला, प्रेस राहिली: प्लास्टिक मोल्डिंगची पार्श्वभूमी

नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात वितळलेलं प्लास्टिक बंद साच्यात ढकलणाऱ्या इंजेक्शन मशीनच्या जोडीला उघड्या साच्यात माल भरून दाबणाऱ्या कॉम्प्रेशन प्रेसही चालतात. नवीन पद्धत आली तरी जुनी मोडीत निघाली नाही, आणि त्याचं कारण मालाच्या स्वभावात आहे.

इंजेक्शनचं पहिलं पेटंट १८७२ चं. अमेरिकेतल्या जॉन वेस्ली हायट आणि आयझाया या भावांनी गरम सेल्युलॉइड दट्ट्याने साच्यात ढकलणारं यंत्र केलं. पुढे १९०७ मध्ये लिओ बेकलँडचं बॅकेलाइट आलं. ते एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही. म्हणून भुकटी तोलून उघड्या साच्यात भरायची, साचा १५० ते १८० अंशांवर ठेवायचा आणि प्रेस दाबायची. स्विचगिअरमधले, म्हणजे वीज जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांमधले, उष्णता सोसणारे भाग आजही असे काढतात. प्रेस मिटल्यावर क्षणभर उघडून वायू सोडावा लागतो. हे 'ब्रीदिंग' चुकलं की भागावर फोड येतात. जाड भागाला क्युरिंगचा, म्हणजे साच्यात पक्कं होण्याचा, वेळ कमी दिला, तरीही तेच.

दट्ट्याच्या मशीनची अडचण वेगळी होती. बॅरलच्या, म्हणजे माल तापवणाऱ्या नळीच्या, भिंतीला लागलेला माल करपायचा आणि मधला कच्चा राहायचा. १९४६ मध्ये जेम्स वॉटसन हेंड्रीने दट्ट्याच्या जागी स्क्रू बसवला. फिरणारा स्क्रू दाणा घासून वितळवतो आणि रंगही सारखा मिसळतो, त्यामुळे बादल्या, क्रेट, डॅशबोर्ड असा सगळा माल इंजेक्शनकडे वळला. बाटल्या मात्र ब्लोमध्ये (हवेने फुगवून) आणि पाण्याच्या टाक्या रोटोमध्येच (साचा फिरवून) राहिल्या, कारण पोकळ वस्तूच्या आतला कोअर, म्हणजे साच्याचा आतला गाभा, तोंडातून बाहेर निघत नाही.

साचा मिटवून धरायला किती टनांचं इंजेक्शन मशीन लागेल हे ठरवताना भागाचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ धरतात. दर चौरस सेंटिमीटरला ०.३ ते ०.५ टन हा ढोबळ हिशोब, म्हणजे २०० चौरस सेंटिमीटरला ६० ते १०० टन. टनेज कमी पडलं की साचा फाकतो आणि कडेला फ्लॅश, म्हणजे जादा मालाचा पापुद्रा, येतो. लगेच प्रेशर उतरवणं ही सवयीची चूक. मग शॉर्ट, म्हणजे अर्धवट भरलेले भाग, निघतात.

जाड रिबच्या (भिंतीला आधार देणाऱ्या पट्टीच्या) पाठीवर खड्डा दिसला तर होल्डिंग प्रेशर, म्हणजे साचा भरल्यावर धरून ठेवलेला दाब, आणि त्याचा वेळ पाहा. मूळ दोष बहुधा डिझाइनचा असतो: रिब भिंतीच्या साठ टक्क्यांहून जाड नको. पावसाळ्यात नायलॉन ८० अंशांवर निदान चार तास सुकवल्याशिवाय हॉपरमध्ये (मशीनच्या नरसाळ्यात) टाकू नये, नाहीतर चंदेरी रेघा येतात आणि भाग ठिसूळ होतो. पॉलिप्रॉपिलीनला हा त्रास जवळजवळ नाही.