एसआय सांधा सरकत नाही, तरी दुखतो

कमरेच्या खाली, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना त्वचेवर दोन खळगे दिसतात. त्यातल्या एकाच्या जरा खाली बोट रोवून वेटलिफ्टर सांगतो, "इथं. बरोबर इथं." स्क्वॉटच्या तळातून उठताना कळ येते, डेडलिफ्टचा बार जमिनीवरून सुटताना येते, आणि वजनाचा काही संबंध नसताना, अंथरुणात कूस बदलतानाही येते. जिममध्ये निदान व्हायला वेळ लागत नाही: एसआय, म्हणजे कमरेच्या तळाचा सांधा, सरकलाय. कुणीतरी आडवं झोपवून दोन्ही पायांची लांबी ताडून बघतं, एक पाय आखूड निघतो, मग कट्‌कन आवाज काढून सांधा 'बसवला' जातो. दोन दिवस बरं वाटतं. पुढच्या जड सेटला पुन्हा तेच.

या निदानातलं दुखणं खरं असतं. 'सरकलाय' हे मात्र जवळजवळ कधीच खरं नसतं, आणि बरं होण्याच्या वाटेत तेच सगळ्यात जास्त आडवं येतं.

एसआय म्हणजे सॅक्रोइलियाक सांधा. पाठीच्या कण्याच्या तळाशी त्रिकास्थी नावाचं तिकोनी हाड असतं. लहानपणी सुटे असलेले पाच मणके तरुणपणी जुळून ते बनतं. त्याच्या दोन्ही अंगांना पेल्व्हिसची, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याची, पसरट हाडं येऊन भिडतात. या दोन जोडांतून धडाचा भार पायांकडे उतरतो आणि जमिनीचा धक्का पायांकडून वर चढतो. खांद्यावर दीडशे किलोंचा बार असला तर त्याचाही भार याच मार्गानं जातो, दुसरा मार्ग नाही. म्हणून सांध्याची घडणही तशीच आहे. गुडघ्यासारखे गुळगुळीत पृष्ठभाग इथं नाहीत. एका हाडाचे उंचवटे दुसऱ्याच्या खळग्यांत बसलेले असतात आणि मागून जाड, आखूड लिगामेंटांनी (हाडं बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांनी) सगळं घट्ट बांधलेलं असतं.

तरी तो किती हलतो? १९८९ साली स्वीडनच्या बेंग्ट स्टुरेसन आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं. त्यांनी रुग्णांच्या हाडांत टँटलम धातूचे बारीक मणी बसवले आणि वेगवेगळ्या स्थितींत दोन कोनांतून एक्स-रे काढून मण्यांमधलं अंतर तपासलं. सांधा सरासरी २.५ अंश फिरत होता आणि सरासरी ०.७ मिलिमीटर सरकत होता. कुणाचाच ४ अंशांच्या पुढे गेला नाही. शिवाय दुखऱ्या आणि न दुखणाऱ्या सांध्यांच्या हालचालींत फरक सापडला नाही. जाड त्वचा, चरबी आणि स्नायू यांच्यावरून अंगठा फिरवून अर्ध्या मिलिमीटरचा फेरफार ओळखता येतो, असं कुणी म्हणत असेल तर त्या अंगठ्याविषयी शंका घ्यायला हरकत नाही.

पुढचा प्रयोग मला जास्त आवडतो. १९९८ साली स्वीडनमध्येच टुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्णांवर हीच मोजणी सांधा 'बसवण्याच्या' आधी आणि नंतर केली. हातानं केलेल्या चाचण्या आधी बिघाड दाखवत होत्या, नंतर त्याच चाचण्या सांधा ठीक असल्याचं सांगू लागल्या. एक्स-रेमध्ये मात्र हाडं जिथल्या तिथं होती. म्हणजे उपचार करणाऱ्याला सांधा जागेवर आल्याचं जाणवलं, रुग्णाला बरं वाटलं, आणि सांधा हललाच नव्हता. बरं वाटणं खोटं नव्हे. अशा झटक्यानं आखडलेले स्नायू सैल पडतात, वेदनेची तीव्रता थोडा वेळ उतरते. पण हाड जागेवर आणल्याचा दावा त्यावरून सिद्ध होत नाही. १९९४ साली डॉक्टर ड्रायफस यांनी कसलाही त्रास नसलेल्या लोकांवर सांध्याची हालचाल तपासणाऱ्या नेहमीच्या चाचण्या केल्या, तेव्हा त्यांतल्या सुमारे २० टक्के लोकांतही 'बिघाड' निघाला. आखूड पाय हा बहुतेक वेळा असलाच शोध असतो.

मग दुखतं काय? सांध्याच्या आवरणात आणि मागच्या लिगामेंटांत भरपूर वेदनावाहक मज्जातंतू असतात. त्यांना चिडायला हाड सरकावं लागत नाही. सवयीपेक्षा जास्त भार, सवयीपेक्षा जास्त वेळा, पुरेशी विश्रांती न मिळता आला की तेवढं पुरतं. तपशील विचारले तर बहुतेक लिफ्टरांच्या बोलण्यात कुठेतरी ती उडी सापडतेच: स्पर्धेआधी वाढवलेले सेट, आजारपणानंतर थेट जुन्या वजनावर परत जाणं, अचानक रुंद केलेला स्टान्स (पायांमधलं अंतर), किंवा थकलेल्या अवस्थेत एका पायावर जास्त कललेला क्लीन (बार जमिनीवरून थेट खांद्यांवर घेणं). गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हार्मोन्समुळे लिगामेंटं सैलावतात, त्यामुळे त्या काळात हा सांधा जास्त कुरकुरतो.

नेदरलँड्समध्ये आंद्री व्लेमिंग आणि क्रिस स्नायडर्स यांनी १९९०च्या दशकात या सांध्याच्या स्थैर्याची जी मांडणी केली, ती लिफ्टरच्या फार कामाची आहे. दहा-बारा पुस्तकं आडव्या ओळीत दोन तळव्यांमध्ये दाबून उचलली तर मधल्या पुस्तकांना खालून आधार नसतानाही ती पडत नाहीत. दाब आणि घर्षण त्यांना धरून ठेवतं. एसआयचं काही स्थैर्य हाडांच्या आकारातून येतं आणि उरलेलं असल्याच दाबातून. तो दाब देतात नितंबातला मोठा स्नायू, पाठीतला विरुद्ध बाजूचा लॅट, पोटाचे आडवे स्नायू, कण्यालगतचे खोल स्नायू आणि ओटीपोटाचा तळ. उजवा नितंब आणि डावा लॅट कमरेच्या जाड पडद्यातून एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्यांचे धागे सांध्यावरून तिरके जातात. बार अंगाजवळ ठेवायला कोच ओरडतो, तेव्हा नकळत तो या सांध्याचीही बाजू घेत असतो.

आता मुळात दुखणं एसआयचंच आहे का, हे ठरवणं. गंमत म्हणजे १९०५ साली गोल्डथ्वेट आणि ऑसगुड या अमेरिकन डॉक्टरांनी कंबरदुखीचं मोठं खापर याच सांध्यावर फोडलं होतं. १९३४ साली मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधली चकती मज्जातंतूवर दाबते हे दाखवलं आणि सगळ्यांचं लक्ष चकतीकडे गेलं. आजचा अंदाज असा, की कमरेच्या खालच्या जुनाट दुखण्यांपैकी साधारण १५ ते ३० टक्के एसआयची असतात. म्हणजे लिफ्टरची कंबर दुखली की बहुतेकदा कारण दुसरंच असतं.

खुणा अशा: दुखणं एका बाजूला, एका बोटानं दाखवता येण्यासारखं, खळग्याच्या खाली साधारण ३ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब पट्ट्यात. ते नितंबात, मांडीच्या मागे उतरू शकतं, पण कमरेच्या शेवटच्या मणक्याच्या वर सहसा चढत नाही. फिजिओ सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी ताण देऊन बघतो. न्यूझीलंडच्या मार्क लॅसलेट यांनी २००५ साली दाखवलं, की अशा चाचण्यांपैकी एकटीवर भरवसा ठेवता येत नाही, पण तीन किंवा जास्त चाचण्यांत नेमकी तीच ओळखीची कळ उमटली तर एसआयवर संशय घट्ट होतो. एकाही चाचणीत ती उमटली नाही, तर एसआयला सोडून द्यावं. खात्रीच हवी असेल तर एक्स-रेखाली बघत सांध्यात भूल देणारं इंजेक्शन देतात आणि दुखणं किती उतरतं ते पाहतात. नुसत्या एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवरून मात्र फारसं ठरत नाही, कारण झीज न दुखणाऱ्या सांध्यांतही दिसते.

एक गोष्ट मात्र हातची जाऊ देऊ नये. वय पंचेचाळिशीच्या आत, दुखणं तीन महिन्यांहून जुनं, सकाळी अर्धा तास आणि वर आखडलेलं अंग, पहाटे दुखण्यानं जाग येणं, आणि आराम केल्यावर वाढून हालचालीनं कमी होणं. हा नमुना वजनाच्या दुखापतीचा नाही, सांध्यांच्या दाहाच्या आजाराचा आहे, आणि तो सहसा या सांध्यापासूनच सुरू होतो. तिथं संधिवाततज्ज्ञ, रक्ततपासणी आणि एमआरआय लागतो. जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होणं यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. ताप किंवा अकारण घटणारं वजन असेल तरी डॉक्टरांकडे जायला दिरंगाई नको.

हे सगळं वजा केल्यावर उरतो तो साधा, चिडलेला एसआय. त्याला संपूर्ण विश्रांती मानवत नाही. पहिले काही दिवस कळ उठवणाऱ्या गोष्टी टाळाव्यात हे ठीक, पण महिनाभर बार न धरल्यानं सांध्याला दाबून धरणारे स्नायूच दुबळे होतात, आणि परतल्यावर तोच भार आता जास्त जड पडतो.

फिजिओ वापरतात तो नियम सोपा आहे. शून्य ते दहाच्या मापावर व्यायाम करताना दुखणं तीन-चारपर्यंत गेलं तर चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाच्या पातळीवर आलेलं हवं. आलं नाही तर वजन, रेप्स (एका सेटमधल्या उचलींची संख्या) किंवा किती खाली जायचं ती खोली यांपैकी एक कमी करायचं. तिन्ही एकदम कमी केली तर नेमकं काय भोवत होतं ते कळत नाही. वही ठेवावी. लिफ्टर किलो लिहितात पण दुसऱ्या सकाळची कंबर लिहीत नाहीत, आणि इथं सगळं उत्तर त्या सकाळीत असतं.

बहुतेकांचा स्क्वॉट अगदी तळाशी दुखतो, जिथं पेल्व्हिस आत वळते. मग मागे बॉक्स ठेवून दुखणाऱ्या खोलीच्या थोडं वर थांबायचं, स्टान्स थोडा अरुंद करायचा, टाचेखाली उंची द्यायची, आणि खाली जायला तीन-चार सेकंद घ्यायचे. संथ केल्यानं वजन आपोआप उतरतं, अहंकाराला फारसं न दुखावता. डेडलिफ्ट ब्लॉकवरून, गुडघ्याच्या उंचीवरून सुरू करून आठवड्या-आठवड्यानं ब्लॉक खाली आणायचे. स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर नेणं) आणि क्लीन हँगमधून, म्हणजे बार जमिनीऐवजी मांडीजवळून उचलून, आणि पॉवर प्रकारात, म्हणजे पूर्ण खाली न बसता. दुखत नसलेलं सगळं, म्हणजे प्रेस, पुल-अप, रोइंग, बिनदिक्कत चालू ठेवायचं.

जोडीला ब्रिज (पाठीवर झोपून नितंब उचलणं), मग एका पायाचा ब्रिज, मग वजन घेऊन हिप थ्रस्ट, साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर अंग तोलणं), बर्ड-डॉग (रांगत्या स्थितीत उलट बाजूचा हात आणि पाय लांबवणं), एका हातात जड केटलबेल घेऊन सरळ चालणं. हे शेवटचं फार कमी लोक करतात आणि माझ्या मते ते सगळ्यात मोलाचं आहे, कारण एका बाजूचा भार पेल्व्हिस न झुकवता पेलणं हेच या सांध्याचं रोजचं काम. ताणण्याचे व्यायाम मात्र मोजूनमापून. दुखरी बाजू गुडघा छातीशी ओढून पिळत राहायची अनेकांना सवय असते; त्यानं तात्पुरतं बरं वाटतं आणि चिडलेलं लिगामेंट पुन्हा पुन्हा ताणलं जातं.

पट्ट्याबद्दल गोंधळ असतो. लिफ्टिंगचा पट्टा कंबरेला बांधतात आणि तो पोटातला दाब वाढवायला मदत करतो. एसआयचा पट्टा त्याहून बराच खाली, खुब्यांच्या हाडांच्या जरा वर, पेल्व्हिसभोवती बसतो आणि तो हलका आवळला तरी पुरतो. काहींना तो बांधल्याबरोबर चालणं सुसह्य होतं. तशांनी काही आठवडे वापरावा. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन व्यायाम सुरू करता येईल इतपत आराम देऊ शकतं. मज्जातंतू उष्णतेनं जाळण्याचा उपचार २०१७ साली नेदरलँड्समधल्या चाचण्यांत व्यायामाला जोडून पाहिला गेला, तेव्हा नुसत्या व्यायामाच्या तुलनेत रुग्णाला जाणवावा एवढा जादा फायदा दिसला नाही.

वेळ काही आठवडे ते काही महिने लागतो, आणि वाट सरळ चढत नाही. पाचव्या आठवड्यात अचानक कळ उठली म्हणजे सांधा पुन्हा 'निघाला' असं नव्हे. दोन पायऱ्या खाली यायचं, सकाळ पाहायची, पुन्हा चढायचं. जो लिफ्टर मनात सरकलेल्या हाडाचं चित्र घेऊन फिरतो तो अशा वेळी बार सोडतो, अंग आखडून हालचाल करतो आणि दर आठवड्याला सांधा बसवून घ्यायला जातो.

स्प्लिट जर्क, म्हणजे पाय पुढे-मागे टाकून बार खांद्यांवरून डोक्यावर नेणं, सगळ्यात शेवटी परत आणावा. त्यात एक खुबा पुढे आणि दुसरा मागे जातो, पेल्व्हिसच्या दोन हाडांवर उलट दिशांचा पीळ पडतो, आणि तोही डोक्यावर पूर्ण वजन असताना, एका क्षणात. आधी रिकाम्या बारनं स्प्लिट धरून उभं राहणं, मग लंज, मग हलका जर्क, आणि सरावात कधीकधी पुढचा पाय बदलून. दरम्यान स्पर्धा आली तर पॉवर जर्क, म्हणजे पाय पुढे-मागे न टाकता केलेला जर्क, करावा. नियमांना शेवटी हात सरळ, बार स्थिर आणि दोन्ही पाय एका रेषेत हवे असतात. पाय तिथं कसे पोचले याला पंचांची हरकत नसते.