घारीने ओकलेली नळी

घार पोटात नको ते ठेवून घेत नाही. उंदीर गिळला की न पचलेली हाडं नि केस यांची गोळी होते आणि ती घार ओकून टाकते. १७५२ च्या सुमारास रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिच्या या सवयीचा छान फायदा उठवला. त्याच्याकडे पाळलेली घार होती. धातूच्या लहानशा नळीत त्याने मांस भरलं, तोंडांशी जाळी लावली, नळी घारीला गिळायला दिली आणि ती ओकण्याची वाट बघत बसला.

हा उद्योग कशासाठी? पोट नेमकं काय करतं, यावरून तेव्हा वाद होता. काहींचं म्हणणं, पोट म्हणजे जातं, ते अन्न दळतं. काही म्हणत, आत कसलासा रस असतो, त्यात अन्न विरघळतं. धातूच्या नळीत मांस दळलं जाणं शक्यच नव्हतं. तरीही बाहेर आलेल्या नळीतलं मांस बरंचसं विरघळलं होतं! पुढे रेओम्यूरने नळीत स्पंजचा तुकडा घातला आणि घारीच्या पोटातला रसच पिळून काढला.

आता जातंवाले अगदीच खोटे होते असंही नाही. दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात खरंच दळण चालतं. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर पेटा मिळतो ना, तेच कोंबडीचं जातं. आपलं जातं तोंडात आहे, इतकाच फरक.

दळण्याने अन्नाचा आकार बदलतो, पदार्थ तोच राहतो. हा झाला भौतिक बदल. रसाने मात्र पदार्थच बदलतो. तो रासायनिक बदल. पुस्तकात या दोघांचे दोन रकाने असतात, म्हणून परीक्षेपुरतं सोपं जातं. पोटात मात्र दोघं हातात हात घालून चालतात.

आज जेवताना भाकरीचा एक कोरडा घास घ्या. भाजी नको, वरण नको. चावा, पण गिळू नका. दातांनी तुकडे होतात, लाळेने लगदा होतो, इथवर सगळा भौतिक मामला. मिनिटभर तसंच चावत राहा. हळूच गोडसर चव लागेल. साखर तर कुणी घातली नाही! भाकरीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक माळ. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर (म्हणजे एन्झाइम, अन्नाचे रेणू मोडायला मदत करणारा पदार्थ) ती माळ जागोजागी तोडतं आणि माल्टोज ही साखर तयार होते. स्टार्च गोड नसतो, माल्टोज असतं.

जिभेवर विश्वास नसेल तर दोन वाट्यांत भाताची पातळ, कोमट पेज घ्या. एकीत चमचाभर लाळ मिसळा आणि अर्धा तास थांबा. मग दोन्हींत जखमेवर लावायच्या आयोडिनच्या द्रावणाचा एकेक थेंब टाका. नुसती पेज निळी-काळी होईल. लाळेच्या वाटीत रंग फिका पडेल किंवा उमटणारच नाही, कारण तिथला स्टार्च मोडलेला असतो. (प्रयोग झाला की दोन्ही वाट्यांतलं ओतून द्या. चव बघायची नाही!)

‘नीट चावून खा’ या आजीच्या धोशालाही यातच उत्तर आहे. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून बघा, आधी कोण विरघळतं ते. तुकडे जितके बारीक, तितका जास्त पृष्ठभाग रसाच्या तावडीत सापडतो.

माणसाच्या जठरात डोकावायची संधी १८२२ साली एका अपघाताने मिळाली. अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सँ मार्तँ या कामगाराला जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण पोटाला पडलेलं भोक कधीच पूर्ण बुजलं नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर ब्यूमाँटने त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले ब्रेड, कोबी आणि मांसाचे तुकडे आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून पाहिले. असे प्रयोग वर्षानुवर्षं चालले. सँ मार्तँ कंटाळून निघूनही गेला होता, आणि मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.

ब्यूमाँटने जठररस शिशीत काढला, अंगाइतका कोमट ठेवला आणि त्यात मांस टाकलं. शिशीतही मांस विरघळलं, मात्र पोटातल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. शिशी अन्न घुसळत नाही. जठराच्या भिंती ते सतत घुसळतात, त्यामुळे रस सगळीकडे पोचतो. त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि पेप्सिन नावाचं विकर असतं. पेप्सिन प्रथिनांचे तुकडे करतं आणि त्याला काम करायला आम्लच लागतं. हेच आम्ल वर अन्ननलिकेत आलं की छातीत जळजळतं.

खरी गंमत पुढे, लहान आतड्यात. तुपाचं ताट नुसत्या पाण्याने धुऊन बघा, तूप हटत नाही. साबण लावला की त्याचे बारीक थेंब होऊन ते वाहून जातं. यकृतातून येणारा पित्तरस हेच करतो. त्यात मेद पचवणारं विकर नसतं. तो मेदाच्या मोठ्या थेंबांचे बारीक थेंब करतो, म्हणजे भौतिक बदलच. मग स्वादुपिंडातलं लायपेज त्या थेंबांवर तुटून पडतं आणि मेदाचे रेणू मोडतं. पित्तरसाचं काम बरीच मुलं रासायनिक रकान्यात लिहून मोकळी होतात. शिक्षकही कधी कधी.

आणि मक्याचं कणीस? दुसऱ्या दिवशी काय दिसतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. दाण्याच्या सालीत सेल्युलोज असतं. तीही ग्लुकोजचीच माळ, पण मणी वेगळ्या तऱ्हेने जोडलेले, आणि ती जोडणी तोडणारं विकर आपलं शरीर बनवत नाही. गाईच्या पोटातल्या जिवाणूंकडे ते असतं, म्हणून तिला कडबा पुरतो. आपण साल कितीही चावली, अगदी मिक्सरमधून काढली, तरी तुकडे बारीक होतील आणि सालीचे सालच राहतील.