मर्ल ओबेरॉनला मुंबई का लपवावी लागली

'वुदरिंग हाइट्स' या इंग्रजी चित्रपटातला स्वयंपाकघरातला तो प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल, याचा हिशेब नाही. बाहेर वादळ आहे. कॅथी घरच्या एलनला सांगते आहे की एडगरनं लग्नाची मागणी घातली. सुरुवातीला आवाजात थोडा तोरा आहे, थोडं मिरवणं आहे. मग तिच्या लहानपणापासूनच्या सोबत्याचा, हीथक्लिफचा विषय निघतो आणि तो तोरा कुठल्या कुठे जातो. बोलता बोलता तिला स्वतःचंच मन कळतं: मी आणि तो वेगळे नाहीच, मीच हीथक्लिफ आहे. तेवढ्यात वीज चमकते आणि तिच्या चेहऱ्यावर पांढरा झोत पडतो. १९३९ सालचा हा कृष्णधवल चेहरा आजही अंगावर काटा आणतो.

तो चेहरा मुंबईचा होता. हॉलिवूडची तारका मर्ल ओबेरॉनचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला, आणि ही गोष्ट तिनं जवळजवळ आयुष्यभर जगापासून लपवली. २०२३ मध्ये मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं तेव्हा योचा उल्लेख 'स्वतःची आशियाई ओळख सांगणारी पहिली' असा काळजीपूर्वक केला जात होता. त्या शब्दांमागे मर्ल होती. याच पुरस्कारासाठी तिला १९३५ च्या चित्रपटाबद्दल नामांकन मिळालं होतं, पण ती आशियाई आहे हे तेव्हा जगाला माहीत नव्हतं.

तिचं मूळ नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन. जिला ती आई म्हणत होती ती शार्लट सिलोनकडची, मिश्र वंशाची. प्रत्यक्षात शार्लट तिची आजी. शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स हिला अगदी कोवळ्या वयात हे मूल झालं, आणि बोभाटा नको म्हणून शार्लटनं ते आपलंच म्हणून वाढवलं. डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. त्या आगमनाच्या स्मरणार्थ पुढे गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला. त्याच राणीच्या कौतुकापोटी या बाळाला घरात 'क्वीनी' म्हणू लागले. एका राणीच्या भेटीतून मुंबईला कमान मिळाली आणि या मुलीला लाडाचं नाव.

लहानपणीच कुटुंब कलकत्त्याला गेलं. तिथं ला मार्टिनिएर शाळेत तिला जागा मिळाली, पण घरच्या परिस्थितीवरून आणि मिश्र वंशावरून मुली टोचून बोलत, म्हणून तिनं शाळा सोडली. अँग्लो-इंडियन माणसाची ती कोंडी त्या काळातली नेहमीचीच. साहेबांच्या क्लबात प्रवेश नाही आणि इथल्या समाजातही घर नाही. क्वीनीनं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी धरली आणि हौशी नाटकांत काम करू लागली.

इथं मला नेहमी पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स आठवते. बगदादी ज्यू घरातली ही मुलगीही आधी टेलिफोन ऑपरेटरच होती. ती मुंबईच्या मूकपटांत आली, 'सुलोचना' झाली आणि त्या जमान्यातली सर्वांत मोठी तारका ठरली. पुढे १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही तिला मिळाला. एकीनं पडद्यासाठी भारतीय नाव घेतलं, दुसरीनं पडद्यासाठी भारत पुसला. दोघींचंही खरं नाव त्या त्या पडद्यावर चालणारं नव्हतं.

१९२८ च्या सुमारास क्वीनी शार्लटला घेऊन युरोपात गेली. फ्रान्समार्गे लंडन गाठलं. तिथं नाइटक्लबात काम आणि चित्रपटांत गर्दीतल्या बारीकसारीक भूमिका, असे दिवस गेले. मग निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाची नजर तिच्यावर पडली. त्याच्या १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ'मध्ये ती अ‍ॅन बुलिन झाली. भूमिका मोजक्या मिनिटांची, वधस्तंभाकडे निघालेल्या राणीची, पण तेवढ्यात ती लक्षात राहिली. नाव ठरलं मर्ल ओबेरॉन आणि जन्मगाव ठरलं टास्मानिया. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं हे बेट पक्कं ब्रिटिश, आणि लंडन व हॉलिवूड दोन्हींपासून इतकं लांब की चौकशीला कोण जातंय?

असं खोटं रचणं हा त्या धंद्याचा रिवाजच होता. सुरुवातीला तर चित्रपटांत नटांची नावंच देत नसत. १९१० मध्ये निर्माता कार्ल लेमलेनं नटी फ्लॉरेन्स लॉरेन्सला आपल्या कंपनीत ओढलं, तेव्हा ती अपघातात मेल्याची बातमी पसरली. लेमलेनं लगोलग जाहिरात दिली की ही अफवा धादांत खोटी आहे, ती जिवंत आहे आणि आता आमच्याकडे आहे. अफवा त्याच्याच गोटातून आली असावी, असं आज मानलं जातं. त्यानंतर काही वर्षांतच फॉक्स कंपनीनं सिनसिनाटीच्या एका ज्यू शिंप्याच्या मुलीला थेडा बारा नाव दिलं आणि ती पिरॅमिडच्या सावलीत जन्मली असं छापून आणलं. आर्ची लीचचा कॅरी ग्रँट झाला. मार्गारिटा कॅन्सिनोच्या कपाळावरचे केस वेदना सोसून मागे हटवले, रंग बदलला, मग ती रिटा हेवर्थ झाली. तारे घडवणारे हे कारखानेच होते, आणि जन्मगाव हाही कच्चा मालच.

पण थेडा बाराचं खोटं उघड झालं असतं तर लोक हसले असते, एवढंच. मर्लचं उघड झालं असतं तर सगळंच संपलं असतं. अमेरिकेनं १९१७ च्या कायद्यानं भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केलं होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. हे दार किलकिलं झालं १९४६ मध्ये, तेही वर्षाला १०० भारतीयांपुरतं. म्हणजे मर्लची सगळी उमेदीची वर्षं त्या बंद दाराच्या काळातली.

त्यातच १९३४ पासून हॉलिवूडची प्रॉडक्शन कोड नावाची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. गोऱ्या आणि काळ्या वंशांमधले शरीरसंबंध पडद्यावर दाखवायचे नाहीत, हे त्यातलं एक कलम. प्रत्यक्षात त्याची सावली आशियाई कलावंतांवरही पडली. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली अ‍ॅना मे वाँग हे त्याचं जिवंत उदाहरण. 'द गुड अर्थ'ची चिनी नायिका साकारण्याची तिची फार इच्छा होती. पण नायकाच्या भूमिकेत गोरा पॉल म्युनी ठरला, आणि ती भूमिका जर्मनीत जन्मलेल्या लुइझ रायनरला मिळाली. रायनरनं त्यासाठी ऑस्करही पटकावलं. वाँगला देऊ केली ती दुय्यम, खलछटेची भूमिका, आणि तिनं ती नाकारली. मर्ल ओबेरॉन हे सगळं पाहत होती. 'मुंबई' हा एक शब्द तोंडून गेला असता तर फ्रेडरिक मार्च, गॅरी कूपर, लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या मिठीत ती पडद्यावर कधीच दिसली नसती.

म्हणून तिला खोटारडी, मुळांशी बेइमान वगैरे म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. ती अट तिनं घातलेली नव्हती.

निर्माता सॅम्युएल गोल्डविननं तिला 'द डार्क एंजल'मध्ये साध्या इंग्रज मुलीची भूमिका दिली. तोवर तिच्या वाट्याला नटव्या, 'परदेशी' वळणाच्या भूमिका येत. इथं केस साधे, चेहरा स्वच्छ. नामांकन मिळालं ते याच कामासाठी. पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. घरी मात्र शार्लट पाहुण्यांपुढे मोलकरीण म्हणून वावरत होती, असं तिच्या चरित्रकारांनी लिहिलं आहे. १९३७ मध्ये शार्लट वारली. त्याच वर्षी लंडनमध्ये मर्लच्या मोटारीला अपघात झाला, चेहऱ्याला जखमा झाल्या, आणि जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा 'आय, क्लॉडियस' हा चित्रपट अर्ध्यावरच थांबला.

दोन वर्षांनी 'वुदरिंग हाइट्स' आला. हीथक्लिफ साकारणाऱ्या ऑलिव्हिएला कॅथी म्हणून त्याची प्रेयसी विव्हियन ली हवी होती, त्यामुळे सेटवर तो मर्लशी फटकूनच वागे. दिग्दर्शक विल्यम वायलर एकेका शॉटचे टेकवर टेक घेणारा. यॉर्कशरचं ते ओसाड माळरान कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांवर उभं केलं होतं. ग्रेग टोलंडला छायालेखनाचं ऑस्कर मिळालं, आणि मला त्यातला मोठा वाटा मर्लच्या चेहऱ्याचाही वाटतो. सावली आणि उजेड दोन्ही धरून ठेवणारा असा चेहरा छायालेखकाला रोज मिळत नाही.

या चित्रपटात एक जागा आहे, तिथं मी दर वेळी थबकतो. मूळ कादंबरीत एलन पोरक्या, सावळ्या हीथक्लिफला धीर देते: कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा सम्राट असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. चित्रपटात हे वाक्य लहानपणच्या कॅथीच्या तोंडी आहे. बालकलाकार ते बोलते, थोड्या वेळानं कॅथी मोठी होते आणि पडद्यावर मर्ल येते. हिंदुस्थानच्या राणीची ती कल्पना ज्या पात्राची, ते पात्र साकारत होती मुंबईची क्वीनी. सेटवर हे ठाऊक असलेली बहुधा ती एकटीच.

त्याच वर्षी तिनं कोर्डाशी लग्न केलं. १९४२ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला आणि शाळेत टोमणे खाल्लेली मुलगी लेडी कोर्डा झाली. तो संसार १९४५ मध्ये मोडला. त्याआधी 'द लॉजर'च्या चित्रीकरणात छायालेखक ल्यूशियन बॅलर्डनं तिच्या चेहऱ्यावरचे व्रण दिसू नयेत म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगालगत एक छोटा दिवा बसवला. उजेड थेट समोरून पडला की खाचखळग्यांची सावलीच पडत नाही. पुढे दोघांनी लग्न केलं, ते चार वर्षं टिकलं. दिवा मात्र टिकला. छायालेखक आजही त्याला 'ओबी' म्हणतात.

१९७८ मध्ये टास्मानियाची राजधानी होबार्टच्या नगरभवनात तिचा स्वागत समारंभ झाला. टास्मानियाच्या लोकांनी 'आपली मुलगी' म्हणून तिच्यावर मनापासून प्रेम केलं होतं. तिथं पोहोचल्यावर मात्र ती गडबडली, आपण इथं जन्मलो नाही असं काहीसं बोलून गेली आणि तब्येतीचं कारण देऊन तिनं काढता पाय घेतला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या मालिबूला ती वारली. मुंबईतल्या जन्माची हकिकत १९८३ मधल्या चरित्रातून लोकांपुढे आली. कॉन्स्टन्सच्या मुलानं मुंबईच्या दफ्तरातून मर्लचा जन्मदाखला शोधून काढला होता, आणि त्यावर आईचं नाव कॉन्स्टन्स होतं. तो तिला भेटायला अमेरिकेत गेला होता, पण ती भेटली नाही.

१९४९ मध्ये तिनं शार्लटचं एक तैलचित्र काढून घेतलं होतं. चित्रकाराला सांगितलं होतं, रंग उजळ ठेव. घरं बदलली, नवरे बदलले, देशही बदलले. ते चित्र शेवटपर्यंत तिच्या भिंतीवर होतं.