रंध्याखालचा साग

सागाच्या फळीवर रंधा फिरवला की आधी वास येतो, जुन्या चामड्यासारखा. निघालेला पापुद्रा चुरगळून पाहिला तर बोटांना किंचित मेणचट लागतो. रंग मात्र सुरुवातीला निराशा करतो: कुठे हिरवट, कुठे काळसर पट्टे. काही दिवस उजेड लागला की तीच फळी सोनेरी तपकिरी होते. (वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हा दांडगा वृक्ष तुळस-पुदिन्याच्या कुळातला आहे, यावर माझा अजूनही चटकन विश्वास बसत नाही.)

साग टिकतो तो कठीण असतो म्हणून, असं आपण समजतो. पण ओक आणि साखरी मेपल त्याच्याहून कठीण. वजनालाही साग मध्यमच, वाळल्यावर घनमीटरला सुमारे 650 किलो. त्याची खरी खुबी म्हणजे तो जागचा हलत नाही. ओलं लाकूड पूर्ण वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने 5 ते 6 टक्के आटतं, गाभ्याकडून सालीकडे तर जेमतेम अडीच टक्के. ओक याहून बराच जास्त आटतो. म्हणूनच सागाचं दार दमट हवेत सहसा फुगून अडत नाही.

तो मेणचटपणा येतो गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे आणि रबरासारख्या पदार्थामुळे. त्यांच्यामुळे पाणी सहजी आत मुरत नाही. गाभ्यातलं टेक्टोक्विनोन नावाचं रसायन वाळवीला मानवत नाही. शिवाय ओकमधल्या टॅनिनने, म्हणजे तुरट द्रव्याने, लोखंडी खिळे गंजतात, सागात ती कटकट फारशी नाही. जहाज बांधणाऱ्यांना आणखी काय हवं? 1817 साली मुंबईत सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे.

हे सगळं फक्त गाभ्याचं कौतुक. सालीखालच्या पांढरट थरात ही द्रव्यं जवळपास नसतातच. फळी घेताना तो थर कितपत आला आहे, हे आधी बघावं.

सुताराला मात्र साग छळतो. त्याच्या लाकडात सिलिका, म्हणजे वाळूचाच पदार्थ असतो. रंध्याची धार बघता बघता बोथट होते. यंत्रावर काम असेल तर पोलादाहून कठीण अशा कार्बाइडची पाती बरी. भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, तेव्हा तोंडाला मास्क हवाच. आणि जी तेलं पाणी अडवतात, तीच सरसालाही धरू देत नाहीत. त्यासाठी सांध्याच्या जागा ॲसिटोनने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवाने, पुसतात. फडक्यावर पिवळट डाग उतरतो. तेल पुन्हा वर यायच्या आत सरस लावून शिकंजा आवळायचा.