डांबराखालची चीर

डांबरी रस्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली आडवी चीर दिसली आणि दर काही मीटरवर तशीच पुढची दिसत गेली, तर लगेच डांबराला शिव्या देऊ नका. ती चीर बहुतेक वेळा खालून वर आलेली असते.

चांगली खडी लांबून आणणं महाग पडतं. म्हणून जागेवरच्याच मातीत किंवा मुरमात थोडं सिमेंट आणि पाणी मिसळून, दाबून रस्त्याचा पाया करतात. अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या जॉन्सनविलजवळ 1935 साली असा रस्ता झाला आणि मग ही पद्धत जगभर गेली. पाया टणक होतो, पावसात लगदा होत नाही. पण वाळताना तो आकसतो. वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतात, तसंच काहीसं. खालची जमीन या थराला धरून ठेवते, त्यामुळे आकसणाऱ्या थरात ताण साठतो. दाब सोसणारं सिमेंट ताणाला मात्र कच्चं, म्हणून थर तडकतो. तड्याच्या वरचं डांबर दर चाकागणिक, दर थंड रात्रीला त्याच एका रेषेवर ताणलं जातं आणि शेवटी तिथेच फाटतं. मग फटीतून पाणी आत शिरतं, गाडी गेली की बारीक माती घेऊन वर उसळतं, आणि चिरेचा खड्डा होतो.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे सिमेंट वाढवणं. नेमका तोच अंगाशी येतो. जास्त सिमेंटचा थर दम धरतो आणि मग लांब लांब अंतरावर, पण रुंद फटीने तुटतो. कमी सिमेंटच्या थराला केसासारख्या पुष्कळ भेगा पडतात. अशा भेगेच्या दोन्ही कडांचे खडे एकमेकांत अडकलेले राहतात, म्हणून चाकाचा भार एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सहज जातो. फट तीनेक मिलिमीटरच्या पुढे गेली की ही पकड सुटते. म्हणून रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 37 या डांबरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत अशा पायाच्या ताकदीला 4.5 ते 7 मेगापास्कल (दाब सोसण्याची ताकद मोजायचं एकक) अशी वरचीही मर्यादा आहे. ‘जितकं मजबूत तितकं बरं’ हा हिशोब इथे चालत नाही.

मातीत चिकणमाती जास्त असेल किंवा पाणी जास्त पडलं असेल, तर थर आणखी आकसतो. त्यामुळे पाणी मापातच घालायचं आणि दबाई झाल्यावर थर वाळू द्यायचा नाही. त्यावर रोज पाणी मारायचं, नाहीतर डांबराचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, फवारून ओल आत कोंडायची. घाईच्या कामात हीच पायरी गळते.

एवढं करूनही भेगा पडणारच. मग त्यांची वाट अडवायची. दक्षिण आफ्रिकेत सिमेंटच्या थरावर उत्तम खडीचा थर देऊन त्यावर पातळ डांबर टाकतात. सुटी खडी ताण पुढे नेत नाही, त्यामुळे चीर तिथेच विरते. आपल्याकडेही आयआरसी 37 नुसार 100 मिलिमीटर खडीचा थर मध्ये घालता येतो.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र ऑस्ट्रियातून निघून टेक्सासात रुजली. थर दाबून झाल्यावर एक ते तीन दिवसांत त्यावर बारा टनी व्हायब्रेटर रोलर चालायच्या वेगाने, पूर्ण थरथराटात तीन-चार वेळा फिरवतात. हेतू एकच, थर मुद्दाम तडकवणं. ताठरपणा साधारण 40 टक्क्यांनी उतरला की थांबतात. तो मोजायला यंत्र असतं, अंदाजावर काम नाही. आता आकसण्याचा ताण चार-दोन मोठ्या फटींत न एकवटता असंख्य सूक्ष्म भेगांत वाटला जातो. मग पुन्हा पाणी मारायचं. अजून शिल्लक असलेलं सिमेंट भेगांमध्ये जमत राहतं आणि गेलेला ताठरपणा बराचसा परत येतो. हेच काम आठ-दहा दिवसांनी केलं, तर भेगा सांधायला सिमेंट फारसं उरलेलं नसतं. यासाठी वेगळी यंत्रसामग्रीही लागत नाही, दबाईला आणलेला रोलर साइटवर उभाच असतो.