मास्क गळतोय की तोंड?

पहाटे तीनला नाकाशी ‘फुस्स’ झालं की हात आपोआप पट्ट्याकडे जातो. डोळे न उघडताच माणूस पट्टा आणखी जरा ओढतो, कूस बदलतो आणि सकाळी पाहतो तर मशीनवर गळतीचा आकडा कालच्याइतकाच. वर गालावर लाल वळ. इंदूरला आमच्या रामबाग-लोकमान्य नगर भागात सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाची हवा देणारं मशीन, लावून झोपणारे काका-मामा आता बरेच सापडतात आणि भेटले की एकच वाक्य ऐकवतात, “मास्क लीक करतो यार.” खोदून विचारलं तर पुष्कळदा मास्क निर्दोष सुटतो. हवा तोंडातून जात असते आणि शिक्षा गालाला होत असते. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

मशीनचं काम तसं सरळ आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, श्वास अडतो. नळीतून ठरावीक दाबाची हवा सोडली की ती वाट आतून उघडी राहते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली हा उपाय प्रसिद्ध केला. आजची घरगुती मशीन साधारण 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याच्या दाबावर चालतात. हा दाब घशापर्यंत पोचला तरच उपयोग. वाटेत हवा निसटली की दाब पडतो, घोरणं परत सुरू होतं आणि शेजारी झोपलेल्या माणसाला ते सर्वांत आधी कळतं.

निसटायला जागा दोन. मास्कची कड आणि आपलं तोंड. आपोआप दाब ठरवणारं मशीन दोन्हींची बेरीज एकाच आकड्यात दाखवतं, म्हणून घोटाळा होतो.

त्याआधी एका हवेला या भांडणातून बाहेर काढू. मास्कच्या पुढच्या भागात किंवा कोपराच्या जोडावर बारीक छिद्रं असतात. त्यांतून रात्रभर एकसारखी झुळूक येत राहते. ती गळती नाही, आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायची ती वाट आहे. दाबाप्रमाणे तिथून मिनिटाला वीस ते चाळीस लिटर हवा जाऊ शकते. वाऱ्याचा झोत अंगावर येतो म्हणून कुणी तिथे चिकटपट्टी लावली असेल तर आज रात्रीच काढा. काही मशीन ही हवा वजा करून आकडा दाखवतात, काही धरून. रेसमेड कंपनीच्या मशीनवर वजा केलेला आकडा येतो आणि मिनिटाला 24 लिटरपर्यंत चालतो असं धरतात. दुसऱ्या कंपनीचं मशीन असेल तर शेजारच्या काकांच्या आकड्याशी आपला ताडून पाहण्यात अर्थ नाही.

आता मास्कची गळती. ही कडेने होते, बहुतेक वेळा नाकाच्या दांड्यापाशी किंवा गालाच्या खळग्यात. हवा वर डोळ्यांकडे जाते, म्हणून सकाळी डोळे कोरडे, लाल, खुपणारे. आवाज बारीक, शिट्टीसारखा किंवा फरफरणारा. कूस बदलली की सुरू होतो, सरळ झालं की थांबतो. दाब वाढला की वाढतो. तोंड घट्ट मिटलेलं असलं तरी ही गळती होतेच.

यावर पट्टा आवळणं हा उपाय वाटतो खरा, पण कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारी मास्कची मऊ कड, कसं बसतं ते पाहिलं की शंका येते. बऱ्याच मास्कच्या सिलिकॉन कुशनला दोन पदर असतात. चेहऱ्याला लागणारा पातळ पदर आतल्या हवेने फुगतो आणि त्वचेला बिलगतो. कुकरची रिंग वाफेच्या जोरावर बसते तसंच. फार आवळलं की हा पदर चुरगळतो, घडी पडते आणि घडीतून हवा निसटते. म्हणून पट्टे आधी सैल करायचे. मशीन चालू करून, आपण झोपतो त्याच उशीवर, त्याच कुशीवर आडवं व्हायचं. बसून लावलेला मास्क आडवं झाल्यावर तसाच राहत नाही, कारण गाल एका बाजूला ओघळतात. मग मास्क हलकेच चेहऱ्यापासून समोर ओढायचा आणि परत बसू द्यायचा, म्हणजे पातळ पदर फुगून नीट पसरतो. त्यानंतर दोन्ही बाजू एकदमच, थोडंथोडं करत पट्टे घ्यायचे. गळती थांबली की आपणही थांबायचं. पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे. आधी खालचे पट्टे की वरचे, हे मास्कच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं आणि कंपनीगणिक बदलतं.

आणि तेल! आपल्याकडे रात्री डोक्याला तेल, चेहऱ्याला क्रीम, ओठांना तूप. सिलिकॉनला यातलं काहीच मानवत नाही. कुशन घसरतं आणि लवकर खराबही होतं. झोपण्यापूर्वी चेहरा धुवायचा, कुशन रोज सकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवायचं. मे महिन्याच्या इंदुरी उकाड्यात कूलरसमोर झोपलं तरी चेहरा घामेजतोच, तेव्हा तर हे चुकवूच नये. दाढीवाल्यांना जरा जड जातं. मिशी मात्र ठेवता येते, फक्त नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क पाहावा. त्याची कड मिशीवर टेकतच नाही म्हटलं तरी चालेल. कुशन जुनं होऊन लिबलिबीत झालं असेल तर पट्ट्यांशी झटापट करण्यापेक्षा कुशन बदला.

तोंडाची गळती हे वेगळंच प्रकरण आहे. नाकाच्या मास्कने हवा नाकातून आत जाते. नाक आणि तोंड घशापाशी एकच, त्यामुळे जीभ आणि मऊ टाळू यांनी वाट अडवली नाही तर हवा तोंडाकडून बाहेर येते. जागेपणी हे पहारेकरी कामावर असतात, गाढ झोपेत सैल पडतात, जबडा खाली येतो आणि हवा मोकळी. कधी ओठांतून ‘फुर्र फुर्र’ असे बुडबुडे फुटतात, कधी भस्सकन झोत येतो. तोंड उघडं दिसलं म्हणजे गळती आहेच असंही नाही बरं का. जीभ टाळूला चिकटून असेल तर आ वासूनही हवा जात नाही. म्हणून “अहो, तुम्ही तोंड उघडं टाकून झोपता” एवढ्या साक्षीवर निकाल देऊ नये. ओठांसमोर हात धरून झोत लागतो का ते पाहायला वहिनींना सांगावं.

सकाळची लक्षणं इथे निराळी. डोळे ठीक, पण तोंडाला कोरड अशी की जीभ टाळूला चिकटलेली. घसा खवखवतो, रात्री दोनदा पाणी प्यायला उठावं लागतं. आणि नाक चोंदलेलं. हे नाकाचं दुखणं नीट समजून घ्यावं, कारण बहुतेक वेळा खरा गुन्हेगार तोच असतो. नाक बंद असलं की माणूस तोंड उघडतो. तोंड उघडलं की मशीनची हवा नाकातून आत आणि तोंडातून बाहेर अशी एकाच दिशेने वाहत राहते. एरवी उच्छ्वासाबरोबर नाकाला ओल आणि ऊब परत मिळते, ती आता मिळत नाही. आतलं अस्तर कोरडं पडतं, सुजतं, नाक आणखी बंद होतं, तोंड आणखी उघडतं. पट्टा कितीही आवळा, या चक्राला त्याचा स्पर्शही होत नाही.

रंगपंचमीच्या गेरनंतरचे, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीनंतरचे दिवस आठवा. राजवाड्यासमोर गुलालाचे ढग, नाकात आठवडाभर रंग. अशा वेळी वर्षभर उत्तम चाललेला मास्क एकाएकी ‘लीक’ करायला लागला तर मास्कला दोष देण्यात काय हशील? नाक धुवा. मिठाच्या पाण्याने नाक धुणं उत्तम, फक्त पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड हवं, नळाचं थेट नको. मशीनला गरम पाण्याची टाकी असेल तर ओलावा एक-दोन पायऱ्या वाढवून पाहा. त्या टाकीतही डिस्टिल्ड पाणीच घाला, नर्मदेचं पाणी कितीही गोड असलं तरी त्यातले क्षार तळाला बसतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ओलावा वाढवला की नळीत पाणी साचून गुडगुडतं. तेव्हा नळी रजईखालून घ्यावी. नाक पटकन मोकळं करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांच्या वर स्वतःच्या मनाने वापरू नका, सोडले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. कायमची सर्दी, वाकडा पडदा, ॲलर्जी असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तिथे झालेला खर्च नव्या मास्कपेक्षा सत्कारणी लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हनुवटीखालून डोक्यावर बांधायची पट्टी मिळते. काहींना तिचा फायदा होतो, काहींचा जबडा मिटतो पण ओठांतून हवा जातच राहते. स्वस्त आहे, करून पाहायला हरकत नाही. तोंडावर चिकटपट्टी लावायचं खूळ हल्ली व्हिडिओंमधून घरात शिरलंय. नाक चोंदलेलं असताना, ओकारी-आम्लपित्ताचा त्रास असताना किंवा रात्री पेग घेऊन झोपणाऱ्याने ते मुळीच करू नये. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बाराला भुट्ट्याचा कीस नि तळलेला गराडू चापून येणाऱ्यांनी आपला नंबर कुठे लागतो ते ओळखावं.

दोन्ही ओळखायची सोपी परीक्षा दिवसाउजेडी होते. मशीन लावून आडवे व्हा, दाब हळूहळू वाढवणारी सोय बंद करा म्हणजे हवा पूर्ण दाबाने येईल. आपोआप दाब बदलणाऱ्या मशीनमध्ये मास्क तपासायची सोय असेल तर तीच वापरा. तोंड मिटून ओला हात कुशनच्या कडेने फिरवा. कुठे गार लागलं तर ती मास्कची गळती. कुठेच लागलं नाही आणि तरी सकाळी आकडा मोठा येतो, तर संशय तोंडावर. ॲपवर रात्रीचा आलेख दिसत असेल तर तोही पाहा. कूस बदलताना उठणारे तुटक सुळके बहुधा मास्ककडे बोट दाखवतात, बराच वेळ वर चढून राहिलेले पठार तोंडाकडे. ही खूणच, पुरावा नव्हे.

कवळी काढून झोपणाऱ्या आजोबांकडे मात्र दोन्ही एकदम असू शकतं. कवळी निघाली की गाल आत जातात, कुशनला टेकू राहत नाही आणि ओठही नीट मिटत नाहीत. मास्क निवडताना आणि बसवून पाहताना तोंड रात्री जसं असतं तसंच असावं. दुकानात कवळी लावून माप दिलं तर ते माप दुसऱ्याच माणसाचं.

तोंड काही केल्या मिटत नसेल तर शेवटी नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क येतो. त्यात तोंड उघडं पडलं तरी दाब टिकतो. पण कडेचा घेर वाढला, म्हणजे मास्कच्या गळतीला जागा वाढल्या. जबडा खाली घसरला की हनुवटीपाशी कड उचलली जाते. काहींना नाकाच्या मास्कपेक्षा यात दाबही जास्त लागतो, आणि तो डॉक्टरांनी ठरवायचा असतो. म्हणून आधी नाकाचा मास्क, मग हा, असा क्रम अनेक तज्ज्ञ ठेवतात. हात हलवता न येणाऱ्या, स्वतः मास्क काढू न शकणाऱ्या रुग्णाला तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये, उलटी झाली तर जिवावर बेतेल. अनेक मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या कड्या असतात. घरात पेसमेकरवाले कुणी असतील, स्वतः किंवा त्याच पलंगावर झोपणारे, तर बिनचुंबकाचा मास्क मागा. कंपन्यांनीच 2022-23 मध्ये तशी सूचना काढली आहे.

इंदूरच्या दवा बाजारात किंवा कुठेही मास्क घ्यायला जाल तेव्हा पाकीट फोडलेला मास्क परत घेतील का ते आधी विचारा, बहुतेक जण घेत नाहीत. आपलं मशीन बरोबर न्या, नाहीतर आपला दाब कागदावर लिहून न्या. आणि माप उभ्याने देऊ नका. दुकानदार हसला तरी चालेल, बाकावर आडवे होऊन, आपल्या कुशीवर वळून, पाचेक मिनिटं हवा चालू ठेवून बघा.